कपड्यातलं पाणी जातं कुठे?

हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईत पाऊस सरासरी 11 जूनला येतो आणि 8 ऑक्टोबरला परततो. मधले चार महिने नवी मुंबईतल्या फ्लॅटमध्ये कपडे वाळवणं हे स्वयंपाकाइतकंच रोजचं आणि त्याहून चिडचिडीचं काम होऊन बसतं. पंख्याखाली उघडलेला स्टँड, दारांवर लटकलेल्या जीन्स, खुर्च्यांच्या पाठींवर मुलांचे युनिफॉर्म, आणि तिसऱ्या दिवशी घडी घालताना येणारा कुबट वास. याला कंटाळून माणूस ड्रायर बघायला दुकानात जातो आणि तिथे त्याच्यापुढे एकच गोष्ट सारखी ठेवली जाते: स्टीम.

ड्रायर घ्यावा का, आणि घेतला तर वाफेचा घ्यावा का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुकानात त्यांची गल्लत होते. ती सोडवावी म्हणून मी इथे दोघींना समोरासमोर बसवलं आहे. त्या कुणा एका घरातल्या नाहीत, पण त्यांची मतं वाशीपासून पनवेलपर्यंत कुठेही ऐकायला मिळतील. मावशी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये बैठ्या घरात राहते. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झाली. भाची खारघरला चौदाव्या मजल्यावर राहते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये पाळीची नोकरी, घरात नवरा, सासरे आणि दोन वर्षांचं मूल.

भाची: मावशी, माझं ठरलंय. या पावसाळ्याआधी स्टीमवाला ड्रायर घ्यायचा. कपडे वाळून निघतात, इस्त्री वाचते, जंतू मरतात. एकाच यंत्रात सगळं.

मावशी: घे की. पण मला आधी एक सांग, ओल्या कपड्याला वाफ कशाला? आमच्या पेणला परीट भट्टी लावायचा. कपडे सोड्याच्या पाण्यात भिजवायचे, चुलवणावरच्या हंड्यावर रचायचे आणि रात्रभर त्यांच्यातून वाफ खेळवायची. सकाळी ओढ्यावर नेऊन आपटले की मळ भराभर सुटायचा. वाफेने मळ सुटतो, वाफेने सुरकुती मोडते. वाफेने कापड वाळलेलं मी काही पाहिलं नाही.

भाची: वाळवतं ते गरम हवेने. वाफ शेवटी सोडतात, किंवा तिचा वेगळा प्रोग्रॅम असतो. वीसेक मिनिटांचा.

मावशी: म्हणजे आधी वाळवायचं आणि मग थोडं ओलं करायचं.

भाची: हो, पण त्याने सुरकुत्या जातात.

मावशी: किती कपड्यांच्या?

भाची: माहितीपुस्तिकेत पाच शर्ट लिहिलेत.

इथे मावशीचं बरोबर आहे, आणि भाचीचंही. स्टीम ड्रायरमध्ये पाण्याची एक लहानशी टाकी किंवा नळाची जोडणी असते. त्या पाण्याची वाफ किंवा बारीक फवारा फिरत्या ड्रममध्ये सोडला जातो. दमट उष्णतेने सुती धागा सैल पडतो, ड्रम फिरत असल्यामुळे सुरकुतीला बसायला वेळ मिळत नाही, आणि मग गरम हवेचा एक झोत तो दमटपणा काढून टाकतो. काम चांगलं होतं. पण चार-पाच कपडे असतील आणि बाहेर काढल्याबरोबर ते हँगरवर गेले, तरच. ड्रम गच्च भरलेला असेल किंवा ढीग तासभर आत पडून राहिला, तर वाफ असून नसून सारखीच. खोक्यात वर्षभर पडलेला ब्लेझर किंवा फोडणीचा वास लागलेला शर्ट न धुता नीटनेटका करायचा असेल, तिथे वाफेचा खरा उपयोग होतो. रोजच्या धुण्यात तिचा वाटा थोडा. जंतूंच्या बाबतीतही वाफेचा प्रोग्रॅम धुण्याची जागा घेत नाही. त्यामुळे ड्रायर निवडताना वाफ हा शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न मावशीने पुढे विचारला.

मावशी: बरं, वाफ राहू दे बाजूला. कपड्यातलं पाणी जातं कुठे?

भाची: म्हणजे?

मावशी: दोरीवर घातलं की हवेत जातं. तुझ्या यंत्रातलं कुठे जातं?

भाची: ते यंत्रावर आहे. साधा व्हेंटेड ड्रायर गरम दमट हवा मागच्या जाड नळीतून बाहेर फेकतो. कंडेन्सर आतल्या आत ती हवा थंड करून पाणी टाकीत जमा करतो. हीट पंपवालाही टाकीतच जमा करतो, पण त्याची रीत वेगळी.

मावशी: आणि तुझी ड्राय बाल्कनी काचेने बंद केलेली आहे.

भाची: हो.

मावशी: मग तो पहिला बाद. बंद बाल्कनीत हवा फेकलीस तर ती स्वयंपाकघरातच परत येणार. भिंतीला पापुद्रे धरतील.

हा मुद्दा दुकानात कोणी काढत नाही, आणि नवी मुंबईत तोच सगळ्यात मोठा आहे. व्हेंटेड ड्रायर स्वस्त असतो, हलका असतो, भिंतीवरही टांगता येतो. ज्यांची बाल्कनी उघडी आहे आणि नळी खिडकीबाहेर काढता येते त्यांच्यासाठी तो वाईट नाही. पण खारघर, उलवे, घणसोली इथल्या नव्या टॉवरमधल्या कित्येक ड्राय बाल्कन्या मालकांनी ताबा मिळताच काचेने बंद केल्या आहेत. त्या घरांत व्हेंटेड ड्रायर चालवणं म्हणजे दर खेपेला दोन-तीन लिटर पाणी घरातल्या हवेत सोडणं. दोरीवर घरात कपडे घातले तरी होतं तेच. ग्लासगोच्या मॅकिन्टॉश स्कूल ऑफ आर्किटेक्चरच्या संशोधकांनी तिथली घरं तपासली तेव्हा घरातल्या ओलाव्याचा एक-तृतीयांशापर्यंत वाटा आत वाळवलेल्या कपड्यांचा निघाला. तिथली हवा थंड, आपली उबदार. बुरशीला आपली जास्त मानवते.

भाची: कुबट वासाचं मला विचार. लॅबमध्ये रोज जंतूंशीच गाठ आहे. 2012 मध्ये जपानी संशोधकांनी या वासामागचा जंतू दाखवून दिला. मोराक्सेला ऑस्लोएन्सिस. तो माणसाच्या कातडीवरून कपड्यात येतो, धुतल्यावरही थोडा उरतो, आणि कपडा जितका वेळ ओला राहील तितका वाढत जातो. तो जे आम्ल तयार करतो त्याचा हा वास. जास्त साबण घालून तो जात नाही. कपडा लवकर वाळला पाहिजे, एवढंच.

मावशी: म्हणून तर ऊन. उन्हात वाळलेल्या टॉवेलचा वास बघ.

भाची: त्यावरही अभ्यास झालाय. कोपनहेगन विद्यापीठात टॉवेल उन्हात, सावलीत आणि घरात वाळवून पाहिले. उन्हात वाळलेल्या ओल्या कापडावर काही सुगंधी संयुगं तयार होतात, ती बाकीच्यांवर झाली नाहीत. तुझ्या टॉवेलचा वास खरा आहे. माझं म्हणणं एवढंच की जुलैत ते ऊन मला आणून दे.

मावशी: आठ महिने तर असतं ना?

भाची: तुझ्या अंगणात असतं. माझ्याकडे सकाळी दीड तास. पश्चिमेची इमारत उभी राहायच्या आधी संध्याकाळीही मिळायचं, ते गेलं. दोरी बाहेरच्या बाजूला बांधायची सोसायटीत बंदी आहे, इमारतीची शोभा जाते म्हणे. गच्चीला कुलूप.

मावशी: बंदी कशाला घालतात? लोकांनी कपडे कुठे घालायचे?

मावशीच्या अंगणाची गोष्ट सांगितल्याशिवाय हा वाद पुरा होत नाही. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1960 च्या दशकात खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. 1970 मध्ये ते शहर उभारणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे मुख्य आर्किटेक्ट झाले. पुढे 1980 च्या दशकात त्यांनी बेलापूरला जी घरं बांधली त्यांत सात-सात घरांचा एक पुंजका आहे, मध्ये आठ मीटर लांब-रुंद चौक आहे, आणि प्रत्येक घराला त्याचं स्वतःचं उघडं अंगण आहे. कोणत्याही दोन घरांची भिंत सामायिक नाही. आपल्या हवेत उघड्यावरची जागा ही एक खोलीच असते असं कोरिया मानत. तिथे माणूस बसतो, झोपतो, धान्य निवडतो, कपडे घालतो. मावशीच्या अंगणात दोन दोऱ्या आहेत, आणि पावसात तिसरी पडवीत. त्याच वसाहतीतली बरीचशी मूळ घरं आता पाडून तिथे दोन-तीन मजले चढले आहेत. अंगण ज्यांनी राखलं त्यांच्याकडेच दोरी उरली.

खारघरच्या फ्लॅटमध्ये त्या अंगणाची जागा ड्राय बाल्कनी घेते: वॉशिंग मशीन, सिंक, गॅसचा पाइप, केराचा डबा आणि उरलेल्या हातभर जागेत सिलिंगला पुलीचा स्टँड. कपडे वाळवायला लागणारी हवा आणि ऊन आराखड्यातच कापलं गेलं, आणि त्याची भरपाई प्रत्येक कुटुंबाने आपापल्या खिशातून यंत्र घेऊन करायची, असा हा व्यवहार आहे. मला तो अन्यायाचा वाटतो. अमेरिकेत काही वसाहतींनी दोरीवर बंदी घातली तेव्हा व्हरमॉंट राज्याने 2009 मध्ये आणि कॅलिफोर्नियाने 2015 मध्ये कायदा करून लोकांना कपडे बाहेर वाळवायची मुभा दिली. बंदी घालण्याऐवजी आपल्या सोसायट्यांनी गच्चीवर पत्र्याची एक शेड टाकून दोऱ्या बांधल्या, तर निम्म्या घरांना ड्रायर लागणार नाही. पण भाचीला जून तोंडावर आहे, आणि सोसायटीची सभा कधी होईल ते कोणी सांगू शकत नाही.

मावशी: तुला शेवटचं सांगते. डीह्युमिडिफायर घे. छोटा असतो, वीज थोडी खातो. एका खोलीत स्टँड उभा कर, दार-खिडक्या लाव, यंत्र चालू कर. पाच-सहा तासांत कपडे वाळतात. कपड्याला उष्णता नाही, घासणं नाही. मी शिवण शिकवायचे, मला विचार, ड्रममध्ये आपटून कापड झिजतं. तुझ्या यंत्राच्या फिल्टरमध्ये जी लव जमते ना, ती कपड्यातूनच गेलेली असते.

भाची: खोली कुठली? एका बेडरूममध्ये आम्ही तिघं, दुसरीत सासरे. हॉलमध्ये दार बंद करून सहा तास ठेवू का?

मावशी: रात्री ठेव.

भाची: रात्री माझी पाळी असते. आणि तो स्टँड कोण भरणार, मावशी? झटकायचं, पसरायचं, चिमटे लावायचे, मोजे जोडीने घालायचे, दुपारी उलटायचं, पाऊस आला की आत घ्यायचं. तू म्हणतेस ऊन फुकट. उन्हाचं बिल येत नाही कारण ते बाईच्या तासांत भरलं जातं. आमच्या घरात ते तास माझेच जातात.

मावशी: नवऱ्याला सांग की.

भाची: सांगते. घालतोही. पण यंत्रात टाकून बटण दाबायचं असेल तर सासरेही करतील. दोरीवर घालायला त्यांचे खांदे वर जात नाहीत.

या ठिकाणी मी भाचीच्या बाजूचा आहे. ड्रायरच्या वादात दोन्ही बाजू विजेचा हिशोब मांडतात आणि तासांचा कोणीच मांडत नाही. हात वर करून दोरीवर ओली चादर टाकणं साठीच्या पुढे अवघड होत जातं, आणि दमेकऱ्याच्या घरात ओल धरणारी भिंत परवडत नाही. अशा घरात ड्रायर हा चैनीचा खर्च म्हणता येणार नाही. मात्र वीज कशी लागते ते समजून घ्यायला हवं, कारण तिथेच स्वस्त आणि महाग यंत्र खऱ्या अर्थाने वेगळं होतं.

भाची: दुकानदार म्हणाला सगळ्यांचं बिल सारखंच येतं.

मावशी: असं कसं? इस्त्रीचं आणि पंख्याचं सारखं येतं का?

एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता लागते. हा निसर्गाचा दर आहे, त्यात कंपनीला सूट मिळत नाही. पाच किलो सुती कपडे 800 फेऱ्यांच्या स्पिनमधून निघाले तर त्यांत साडेतीन लिटरच्या आसपास पाणी उरतं. 1400 फेऱ्यांनी पिळले तर अडीच. म्हणजे वॉशिंग मशीनने जादा पिळून काढलेलं प्रत्येक लिटर हीटरवाल्या ड्रायरचं जवळपास पाऊण युनिट वाचवतं, आणि पिळण्याला लागणारी वीज त्यापुढे नगण्य. ड्रायर घेण्याआधी स्पिनचा आकडा वाढवून बघावा. पुष्कळ घरांत तो 800 वर ठेवलेला असतो, कारण कोणी कधी बदललेलाच नसतो.

आता यंत्रं. व्हेंटेड आणि साधा कंडेन्सर दोघेही हीटरने हवा तापवतात आणि ती उष्णता शेवटी वाया घालवतात, म्हणून सात-आठ किलोच्या पूर्ण लोडला चार-पाच युनिट घेतात. हीट पंपवाल्यात हीटरऐवजी एसीसारखा कॉम्प्रेसर असतो. गरम कॉइलवरून आलेली हवा कपड्यांतून पाणी उचलते, थंड कॉइलवर ते पाणी सुटतं, आणि सुटताना त्याने जी उष्णता सोडली ती तोच पंप उचलून पुन्हा गरम कॉइलला देतो. तीच उष्णता परत परत वापरली जाते. म्हणून तेवढ्याच लोडला दीड ते दोन युनिटांत काम भागतं. हवा पन्नास-साठ अंशांच्या आसपास राहते, कापडही कमी भाजतं. त्याबदल्यात वेळ जास्त लागतो, अडीच-तीन तास, आणि किंमत व्हेंटेडच्या दुप्पट किंवा त्याहूनही वर जाते. स्वित्झर्लंडने 2012 पासून हीट पंपाव्यतिरिक्त ड्रायर विकायला बंदी केली. युरोपीय संघाचे 1 जुलै 2025 पासूनचे नियमही फक्त तेच यंत्र पार करू शकतं. भारतात बॉश, सीमेन्स, एलजी, सॅमसंग यांचे हीट पंपवाले ड्रायर मिळतात.

महिन्याला वीस लोड धरले तर हीटरवाल्यात 80 ते 100 युनिटं, हीट पंपवाल्यात 30 ते 40. महावितरणच्या बिलात 100, 300 आणि 500 युनिटांवर दराची पायरी चढते. पावसाळ्यात एसी बंद असतो म्हणून घर खालच्या पायरीवर उतरलेलं असतं. हीटरवाला ड्रायर त्याला पुन्हा वरच्या पायरीवर नेऊन बसवू शकतो. प्रत्येकाने आपलं जुलैचं जुनं बिल काढून त्यात ही युनिटं मिळवून पाहावीत.

मावशी: आणि तो एकातच धुणारा-वाळवणारा? जागा वाचेल.

भाची: बघितला. आठ किलो धुतो आणि पाचच किलो वाळवतो. म्हणजे धुवून झाल्यावर तीन किलो कपडे बाहेर काढायचे. शिवाय त्यांतले बरेच गार पाणी सोडून वाफ थंड करतात. वाळवायलाही पाणी लागतं. आमच्याकडे मे महिन्यात टँकर येतात, तिथे वाळवायला पाणी कुठून आणू?

मावशी: मग हीट पंपच घे. पण वाफ हवीच का?

भाची: दोन मॉडेलांत फरक थोडाच असेल तर असू दे. जास्त असेल तर नको. इस्त्रीवाला खालीच बसतो.

मावशी: त्याचं काम काढून घेऊ नकोस.

भाची: नाही गं. शर्ट त्याच्याचकडे जातील.

मावशी: पाण्याचं बघ मात्र. टँकरचं पाणी जड असेल तर वाफेच्या वाटेत क्षार बसतील.

काही मॉडेलं वाफेसाठी कपड्यांतून निघालेलंच पाणी गाळून वापरतात. त्यात क्षार नसतात. काहींना टाकीत पाणी भरावं लागतं, काहींना नळ जोडावा लागतो. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येणाऱ्या घराने पहिला प्रकार घ्यावा. ज्यांच्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं त्यांना ही काळजी कमी.

भाची: कपड्यांचं सांग. काय घालायचं नाही?

मावशी: कपड्याच्या आतली चिठ्ठी बघ. चौकोनात गोल असतो ना, तो ड्रायरचा. गोलात एक टिंब म्हणजे मंद उष्णता, दोन म्हणजे नेहमीची. त्यावर फुली असेल तर आत टाकायचं नाही. रेशीम, जर, लोकर, इलॅस्टिक, भरतकाम, प्लास्टिकची टिकली लावलेलं काहीच नको. सुती साडी नको. नऊवारी तर ड्रममध्ये अशी पिळा घेते की बाकीचे कपडे तिच्या पोटात ओलेच राहतात. नवं सुती कापड पहिल्यांदा दोरीवर, नाहीतर आटतं. आतमध्ये भरायचं ते टॉवेल, चादरी, बनियन, बाळाचे कपडे.

भाची: बाळाचे तर आधी.

मावशी: थांब. बाळाला तेल लावून मालिश करतेस ना? त्या दुपट्यात तेल मुरलेलं असतं.

भाची: धुते की मी.

मावशी: तेल एका धुण्यात पुरतं निघत नाही. हात लावून बघ, कापड चिकट लागतं. ते गरम हवेत तापवून ढीग करून ठेवायचं नाही. स्वयंपाकघरातली तेलकट फडकीसुद्धा नाहीत.

मावशीने हे अनुभवाने सांगितलं, पण त्यामागे शास्त्र आहे. वनस्पती तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावताना उष्णता सोडतं. तेल मुरलेलं कापड ड्रायरमधून तापून निघालं आणि ढिगात दाबून राहिलं, तर ती उष्णता आत कोंडते आणि कापड आपोआप पेटू शकतं. जवळपास प्रत्येक ड्रायरच्या पुस्तिकेत ही सूचना असते. आपल्याकडे बाळाचं मालिश घरोघरी असल्यामुळे ती आपल्याला जास्त लागू आहे. अशी दुपटी गरम पाण्यात जास्त साबण घालून वेगळी धुवावीत आणि दोरीवरच घालावीत.

आगीचं दुसरं कारण लव. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या आकडेवारीत तिथल्या घरांत वर्षाला सुमारे 2,900 आगी ड्रायरमुळे लागतात, आणि कारणांत सगळ्यात पुढे यंत्र साफ न करणं आहे. 2016 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात एका उंच इमारतीला लागलेली आगही सदोष ड्रायरमधून सुरू झाली होती. चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्याने म्हणूनच दोन नियम न मोडता पाळावेत. प्रत्येक लोडनंतर फिल्टर काढून बोटाने लव पुसायची. ती राखाडी मखमलीच्या पातळ थरासारखी सलग सुटून येते. आणि घरात कोणी नसताना किंवा सगळे झोपलेले असताना ड्रायर चालू ठेवायचा नाही.

भाची: म्हणजे रात्रीच्या पाळीला निघताना लावून जायचा बेत गेला.

मावशी: दुपारी लाव. सासरे जागे असतात.

भाची: दुपारी मे महिन्यात बंद बाल्कनी तापते. पुस्तिकेत 35 अंशांच्या वर वापरू नका असं आहे.

मावशी: मेमध्ये ड्रायर हवाच कशाला? मेमध्ये ओला टॉवेल खिडकीत टाकला तरी दोन तासांत कडक होतो. हेच मी म्हणतेय. आठ महिने दोरी, चार महिने यंत्र.

भाची: सकाळच्या दीड तासात जेवढं मावेल तेवढं दोरीवर. बाकीचं यंत्रात. आठ महिनेसुद्धा.

मावशी: ते मला नाही पटत.

भाची: मला माहीत आहे.

ते दोघींचं पटलेलं नाही, आणि मलाही ते ओढूनताणून पटवायचं नाही. बाकी बऱ्याच गोष्टींवर मात्र त्या एका जागी आल्या: आधी स्पिन वाढवायचा, बंद बाल्कनीत व्हेंटेड नको, हीट पंप परवडत नसेल तर एक वर्ष थांबून पैसे जमवायचे, पण हीटरवाला घ्यायचा नाही, कपडे वाळले की आपणहून थांबणारा सेन्सर हवाच, मागच्या पट्टीवर हीट पंपातल्या गॅसचं नाव वाचायचं, आर-290 असेल तर उत्तम, कारण जुन्या आर-134ए पेक्षा त्याचा हवेला होणारा अपाय अगदी किरकोळ, पाण्याची टाकी रिकामी करायचा कंटाळा येणार असेल तर नळी थेट मोरीत सोडता येते का ते विचारायचं. वाफेबद्दलचा प्रश्न यादीच्या तळाशी गेला.

मावशी: जागेचं माप घेतलंस?

भाची: यंत्र साठ बाय साठ. ड्राय बाल्कनीचं दार सत्तर. वॉशिंग मशीन फ्रंट लोड आहे, त्यामुळे वर चढवता येईल; त्याच कंपनीची जोडपट्टी घ्यावी लागेल. दोन्ही मिळून उंची एक मीटर सत्तर.

मावशी: आणि वर काय आहे?

भाची: पाण्याचा वॉल्व्ह. बरोबर एक मीटर साठवर.

मावशी: मग प्लंबर आधी, ड्रायर नंतर. सोळा अँपिअरचं सॉकेट?

भाची: आहे. वॉशिंग मशीन त्यावरच आहे.

मावशी: दोन यंत्रं एका सॉकेटवर एक्स्टेन्शन लावून चालवायची नाहीत. इलेक्ट्रिशियनलाही बोलाव, वेगळी लाइन ओढून घे. आणि तुझ्या सुती साड्या रविवारी माझ्याकडे टाकत जा.

भाची: पावसाळ्यातसुद्धा?

मावशी: पडवीत वारा असतो. दोन दिवस लागतील, पण वाळतील.